परत आलेलं लुगडं

मोहाडी
२ मे

रुचिका जगली का मेली हे विचारायच्या आधी तुझ्या बायकोनं लुगडं विचारलं. शेजारच्या सुखरामच्या फोनवर तिनं आवाज भरून पाठवला, "मायजी, हर्षाच्या लग्नाचं कोशाचं लुगडं कपाटात नीट आहे ना? डांबरगोळ्या टाकल्या ना?" सुखरामनं मले ते पुन्हा पुन्हा ऐकवलं, कारण पहिल्यांदा मले वाटलं माझे कान गेले. कान ठीक आहेत. तुमच्या घरचं डोस्कं गेलं.

हेमराज, आशीर्वाद. रीत आहे म्हणून लिहिला.

फोनवर तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. मी कामाचं बोलाय लागली की तू म्हणतो, "माय, आवाज कटून राहिला." कागदाचा आवाज कटत नाही. मी तिसरी शिकलेली बुढी, काना-मात्रा इकडचा तिकडं झाला तं समजून घेजो. गोष्ट इकडची तिकडं होणार नाही. पत्र तुझ्या सुरतेच्या कारखान्यावर टाकून राहिली. घरी टाकलं तं तुझ्या आधी तुझी चंद्रकांता वाचते.

लुगड्याचंच आधी सांगते, म्हणजे तिले झोप लागेल. ते कपाटात नाही. ते तुमसरले रुचिकाच्या सासरी जाऊन परत आलं.

त्या दिवशी तुमचा फोन आला. आधी हर्षा रडत होती, मंग तू तिच्या हातून फोन घेतला अन् म्हणला, "माय, रुचिका गेली. ऊन लागलं म्हणतात. मले सुट्टी भेटत नाही. तू लुगडं घेऊन जा, ते लुगड्यासाठीच थांबले आहेत." पोटची पोरगी गेली हे तू असं सांगतलं जसं कोणी सांगते की आज नळ येणार नाही. सवाष्ण मेली की शेवटचं लुगडं मायेरचं लागते, अन् मायेरच्याच बाईनं आंघोळ घालून ते नेसवा लागते. तिच्या नवऱ्याच्या, कैलाशच्या, घरीही हीच रीत. जितेपणी तिले कसंही वागवा, जाळताना मात्र अंगावर धागा आपला पाहिजे.

घरात कोरं लुगडं एकच होतं. हर्षासाठी मी अर्धा हिवाळा मागावर बसून विणलेलं, कोशाच्या रेशमाचं, करवतकाठी, काठ कुंकवाचा अन् करवतीच्या दातांसारखा. बाजारातून साडी आणता आली असती. पण ते नायलॉन जळत नाही, चिकटते. माझ्या नातीच्या कातड्याले मी ते चिकटू देणार नव्हती. लुगडं थैलीत टाकलं अन् बसमध्ये बसली.

पंच्याहत्तरीच्या वरच्या बुढ्या-बुढींले लाल बस फुकट आहे. जितकं आयुष्य संपत येते तितकं सरकार कुठंही जा म्हणते. कंडक्टर पोट्टा हसरा होता. थैलीत डोकावून म्हणे, "आजी, कोशाचं! कोणाच्या लग्नाले?"

म्हणलं, "नातीच्या."

"नवरी मंग गोरीपान असन."

म्हणलं, "जाऊन पाहते, किती उरली ते."

तो आपली मशीन टिकटिक करत पुढं गेला, मंग उतरेपर्यंत माझ्याकडं पाह्यलं नाही.

मी रडली नाही. ह्या उन्हाळ्यात डोळ्यातलं पाणी गालावर यायच्या आधी वाळते. रस्त्यावरचं डांबर चपलेले धरून ठेवत होतं, जसं म्हणून राहिलं होतं की बुढे, नको जाऊ.

पोरगी मेली नव्हती, हे सुखरामनं तुले त्याच दिवशी कळवलं. तू "बरं झालं" म्हणला अन् फोन ठेवला. कोणासाठी बरं झालं ते सांगतलं नाही.

आता ऐक. पोलीस ठाण्यात कैलाश अन् त्याची माय मंदाबाई सांगतात, रुचिका जिन्यावरून पडली. ती मेली असं आम्ही कोणाले म्हणलंच नाही, लुगडं मागवलंच नाही, ही बुढी आपल्याच मनानं मढ्याचं लुगडं घेऊन जित्या सुनेच्या दारात आली. मंदाबाई हे छाती पिटून सांगते. तुमच्या कानात ऊन लागून मेली, पोलिसाच्या कानात जिन्यावरून पडली. तू ये, अन् तुमच्या कानात काय टाकलं होतं तेवढं ठाण्यात सांग. दुसरं काही मागत नाही.

रुचिका भंडाऱ्याच्या दवाखान्यात आहे. जबडा तारेनं बांधला आहे, बोलता येत नाही, त्या सकाळचं तिले नीट आठवतही नाही. पोलिसानं विचारलं, "पडली का, बाई?" तिनं मान हलवली. हो म्हणून. पायथ्याशी सासू उभी होती, आपल्या पदरानं तिचे पाय पुसत.

उत्तर लवकर दे.

माय


मोहाडी
९ मे

"पडली असन." दोन शब्द लिहायले तुले आठवडा लागला!

हेमराज, तुझं पत्र आलं. बाकी दीड पान हर्षाच्या लग्नाचं आहे. नवरदेव अनुप कैलाशचा चुलतभाऊ, पोट्टा चांगला, पत्रिका छापायले दिल्या, आता ठाण्यात गेलं तं बोलणी मोडते, एका पोरीपायी दुसरीचं वाटोळं कायले. तू हिशेबात पहिल्यापासून कच्चा. एक पोरगी ज्या घरात मोडली त्याच घरात दुसरी देणं, याले तू वाटोळं टाळणं म्हणतो.

अन् जिना कुठं आहे रे? तू स्वतः त्या घरी जेवून आला आहे. टिनाचं घर. कूलर खिडकीत, पाणी भरायले पाटही लागत नाही. बाया जिन्यावरून पिक्चरात पडतात. पैंजण घालून, वरून गोल गोल लोळत, कपाळाले टिकलीएवढं रक्त, अन् डोळे उघडले की "मी कुठे आहे?" मंदाबाई दुपारभर टीव्हीसमोर पाय पसरून पिक्चर पाहते. जिना तिथूनच उचलून आणला.

पिक्चरमध्ये मारलं की मोठा आवाज होते. खरा मार आवाज करत नाही. पलीकडच्या घरची गुड्डी मले म्हणे, "आजी, सकाळी मी चहा ठेवला तं भिंतीतून आवाज येऊन राहिला होता. मले वाटलं ताई मोगरीनं कपडे धुते." ओल्या कपड्यावर लाकडी मोगरी बसते, तसा आवाज. गुड्डीनं चहा पिऊन घेतला. तिले मी काय म्हणू? तिनं आपली गोष्ट पोलिसाले सांगतली, पण भिंतीतून कपडेच धुताना ऐकू येतात, असं कैलाशचा वकील म्हणते.

कारणही गुड्डीनंच सांगतलं. आदल्या दुपारी पारा छेचाळीसले टेकला, लाइन गेली, तं गुड्डी अन् रुचिका टॉकीजमध्ये जाऊन बसल्या. पिक्चरसाठी नाही, थंड हवेसाठी. गुड्डी म्हणे अर्ध्यात दोघीही झोपल्या. रुचिकानं बिनबाह्यांचा सुती कुर्ता घातला होता. कैलाशच्या मित्रानं पाह्यलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुड्डीनं खिडकीतून पाह्यलं, रुचिका कैलाशच्या शर्टाले इस्त्री करत होती, तेव्हा त्यानं विचारलं, "दंडं कोणाले दाखवायले गेली होती?"

इस्त्री तिथेच होती.

तू "पडली असन" लिहिलं म्हणून आता तुले वाचा लागेल. मी पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. बापाले कायले सांगायचं, म्हणलं. पण बाप असता तं तूच विचारलं असतं.

मी पोचली तेव्हा अंगणात तिरडीच्या ताटीसाठी बांबू फाडून राहिले होते. मंदाबाई केस सोडून ओरडे, "माझ्या लक्ष्मीले ऊन लागलं वो!" मले पाहून उठली अन् कानाशी लागून म्हणे, "इहीनबाई, आंघोळीचं राहू द्या. वरूनच लुगडं टाका. उन्हाचं शरीर आहे, लवकर उठवू."

म्हणलं, "मायेरचं लुगडं वरून टाकत नाहीत. नेसवतात."

सगळ्या बायांले बाहेर काढून मी दार लावलं. अंगाले हात लावला तं गरम. पण ह्या उन्हाळ्यात दगडही गरम, मढंही गरम, त्यानं मले काही समजलं नाही. त्यानंच तिकडचे फसले असतील, नाहीतर समजूनच फसले असतील. पोलकं फाडलं. पाठीवर इस्त्रीच्या टोकाचे डाग होते, एकाले लागून एक, जसा करवती काठ. मी आयुष्यभर तो काठ विणला, हेमराज. माणसाच्या पाठीवर पहिल्यांदा पाह्यला. जबडा एकीकडे लोंबत होता. डोस्क्यामागं केसांचा गोळा रक्तानं वाळून दगडासारखा झाला होता, तो मी पाण्यानं सोडवला. तोंड धुतलं. लुगड्याची घडी मोडली अन् पदर तिच्या तोंडावरून घेतला.

कूलर बंद होता. मेलेलीले हवा कायले, म्हणून मंदाबाईनंच बटन बंद केलं होतं. तिनं कूलर चालू ठेवला असता तं आज तुझी पोरगी वैनगंगेत वाहून गेली असती. कारण पदराच्या दशांले गाठी मारायच्या राहिल्या होत्या, धागे सुटे होते, अन् ते हलले. बंद खोलीत, हवा नाही, अन् कोशाचे धागे तिच्या नाकापाशी हलले. थांबले. पुन्हा हलले.

मी ओरडली नाही. ओरडली असती तं कोणीतरी धावत येऊन तिच्या तोंडावर उशी ठेवली असती. मी तिले लुगड्यात गुंडाळलं, दार उघडलं अन् बांबू फाडणाऱ्या पोट्ट्यांले म्हणलं, "उचला. आमच्यात आधी देवीच्या पाया पाडतात, मंग नेतात. ऑटो बोलवा."

कैलाश म्हणे, "अशी रीत कधी ऐकली नाही."

म्हणलं, "तुमच्या घरातून मेलेली पहिलीच आहे आमची. आता ऐका."

ऑटोवाल्याले कोपऱ्यावर गेल्यावर सांगतलं की देवीचं देऊळ नाही, दवाखाना.

नवऱ्याचा मार कोणाले नाही, असं चंद्रकांता म्हणत असन. तुझ्या बापानंही मले एकदा मारलं होतं. तू पोटात होता. मी मागाची फणी काढली अन् त्याच्या टोंगळ्याच्या वाटीवर बसवली. पुन्हा त्याचा हात उठला नाही. गावभर सांगत फिरला की बोडीच्या तळ्याच्या बांधावरून घसरलो. तुमच्या घराण्यात पडायची चाल जुनीच आहे म्हण ना.

हर्षाच्या लग्नाच्या आधी ये. नंतर आला तं कायले आला विचारीन.

माय


मोहाडी
१७ मे

देवीले मी आता हात जोडत नाही. तिच्यासमोर उभी राहून फक्त पाहते.

हेमराज, कारण ऐक. परवा सकाळी चौंडेश्वरीच्या देवळात गेली तं पुजारी म्हणे, "तुमच्या इहीनबाई येऊन गेल्या. नवस बोलल्या. सुनेले सद्‌बुद्धी आली तं देवीले लुगडं चढवीन." सद्‌बुद्धी म्हणजे रुचिकाचं तोंड बंद राहणं. देवीच्या हातात तलवार आहे अन् लोक तिच्याकडून कुलूप मागतात. मी देवीले म्हणलं, तुले लुगडंच पाहिजे तं माझ्याकडं मागावं लागेल, मंदाबाईच्या घरी मागच नाही.

रुचिकाले दवाखान्यातून घरी आणलं. पेज पातळ करून नळीनं पाजते. आरशात पाहत नाही. घरची गोधडी टोचते अशी खूण करते, पाठ अजून ओली आहे. म्हणून तेच लुगडं पांघरते. कोसा उन्हाळ्यात थंड असते. गल्लीतल्या बाया नाक मुरडतात. मढ्यासाठी घराबाहेर गेलेलं लुगडं परत उंबऱ्यात आणत नाहीत, नदीत सोडा नाहीतर जाळा. मी म्हणलं, ज्या पोरीसाठी गेलं तीही परत आली, तिलेही जाळू का? मंग उठून गेल्या. सरबत तेवढं पिऊन गेल्या.

आता घडलं ते लिहिते. काल सकाळी जीप आली. कैलाश, मंदाबाई अन् दोन दांडगे, कैलाशच्या राइस मिलमधले. मंदाबाईनं आमच्यासाठी आंबे आणले होते! ओसरीवर ठेवून म्हणे, "झालं गेलं गंगेले मिळालं. सुनेले न्यायले आलो. लेकाचं घर ओस पडलं."

म्हणलं, "वैनगंगेले मिळता मिळता राहिलं. आंबे उचला."

कैलाश माझ्याशी बोललाच नाही. बूट घालून आत गेला. रुचिका खाटेवर होती. त्यानं तिचा दंड धरला अन् ओढलं. तारेनं बांधलेल्या तोंडातून जो आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता. कुत्र्याच्या पिल्लाले चाकाखाली ऐकला आहे. एका दांडग्यानं मागात पाय घातला अन् अख्खा ताणा तोडला. पुढचं लुगडं होतं मागावर. दुसरा दारात उभा राहून सुखरामले म्हणे, "घरचं भांडण आहे काका, तुम्ही व्हा बाजूले."

मी मागच्या अंगणात चुलीवर रेशमाचे कोसे उकळून राहिली होती. सोड्याचं पाणी, उकळी फुटलेली, धागा सोडवायले लागते तशी. हंडी उचलून सावलीत ठेवायले मी घरातून चालली होती. कैलाश तिले ओढत मागे मागे येऊन राहिला होता. हंडी सांडली.

त्याच्या मानेवर, छातीवर अन् हातावर. शर्ट काढाय गेला तं शर्टासोबत बाकीचंही निघालं. उकळलेले कोसे त्याच्या अंगाले चिकटून होते. माझेही पाय भाजले, पण माझ्या पायांले चुलीची सवय आहे. दांडग्यांनी त्याले जीपमध्ये टाकलं. मंदाबाई जाताना माझ्या तोंडावर थुंकली. आंबे विसरून गेली. सुखरामच्या बकरीले टाकले.

तं असं हंडी सांडली. लोक तुले वेगळं सांगतील. त्यांनी आता माझ्यावर तक्रार दिली आहे. म्हणून तुझं येणं अजून जरुरीचं झालं. रुचिका घरी एकटी, अन् बुढीले कधी नेतील याचा नेम नाही. तू आला अन् पहिली गोष्ट खरी सांगतली, तं दुसरी समजून घ्यायले त्यांले सोपं जाईल.

तूच ये. माणूस पाठवू नको.

माय


मोहाडी
२५ मे

माझं डोस्कं फिरलं आहे, असं तू पोलिसाले सांगतलं. बाप्पा! आईचं दूध पिऊन एवढं पुरुषपण तुले आज आलं.

हेमराज, आज नवतपा लागला. नऊ दिवस सूर्य जमीन भाजणार, तशी माती भाजल्याशिवाय धान चांगलं येत नाही म्हणतात. मीही आज थंड बोलणार नाही.

ठाण्याचा जमादार परवा आला. तरणा आहे, बसायले दिलं तं आधी माझ्या पायाच्या पट्ट्या पाहून घेतल्या. म्हणे, "आजी, तुम्ही सांगतलं की फोन सुरतेहून आला, मुलीले ऊन लागून मेली असं सासरकडून तिकडं कळवलं होतं. आम्ही तुमच्या मुलाशी बोललो. तो म्हणते मले सासरकडून कोणाचाच फोन आला नाही. आई म्हातारी आहे, तिच्या डोक्यावर परिणाम झाला, तिले स्वप्न पडलं असन अन् लुगडं घेऊन गेली."

 मंग त्यानं दुसरा कागद काढला. "बरं, ती हंडी कशी सांडली?"

म्हणलं, "जिन्यावरून पडली."

तो म्हणे, "आजी, तुमच्या घरी जिना कुठं आहे?"

म्हणलं, "तुमसरच्या घरी कुठं आहे?"

त्यानं लिहिता लिहिता पेन थांबवला. मंग टोपी उचलली. उठताना म्हणे, "एकच माणूस पाहिजे, आजी. तो फोन आपल्या कानानं ऐकलेला. मुलगा नाही म्हणत असन तं आमचे हात तिथेच थांबतात. मोबाइलच्या कंपनीकडून फोन लागल्याचं निघेल, पण त्यात काय बोललं ते निघत नाही."

तुले मागच्या पत्रात हंडी सांडली लिहिलं. आता नीट लिहिते, मंग तुले माझं डोस्कं तपासता येईल. हंडी सांडली नाही. मी ओतली. सावलीत ठेवायची नव्हती. मी हंडीचे दोन्ही कान धरून, पायावर उकळतं पाणी घेत घेत, त्याच्यापर्यंत चालत गेली, अन् त्यानं रुचिकाचा दंड सोडावा इतकं ओतलं, अन् त्यानं दंड सोडल्यावर उरलेलं ओतलं. ती थोडी बाजूले व्हावी म्हणून मी थांबली होती, एवढाच उशीर केला. अजून एक हंडी चुलीवर असती तं मंदाबाईलेही कमी पडू दिलं नसतं. ठाण्यातही मी हेच सांगणार आहे, आज जमादार येऊन राहिला आहे. मी जे केलं ते माझ्या तोंडानं सांगते. तुमच्यासारखं जिना बांधत बसत नाही.

आता दुसरी गोष्ट. ही मी चार आठवडे गिळून होती.

त्या दिवशी सुखरामच्या फोनवर आधी हर्षा बोलली, मी तुले पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. ती काय बोलली ते लिहिलं नव्हतं. लेकरू हुंदके देत म्हणे, "आजी, मंदाकाकूचा फोन बाबांच्या नंबरवर आला, बाबा रातपाळीवरून येऊन झोपले होते म्हणून मीच उचलला. काकू म्हणाली ताईले ऊन लागलं, पहाटेच गेली, दुपारी उठवायची आहे, मायेरचं लुगडं लवकर पाठवा." मंग तू उठला अन् तिच्या हातून फोन घेतला. म्हणजे तू पोलिसाले खोटंही अर्धंच बोलला. तुझ्याशी कोणी बोललंच नव्हतं. ऐकलं तिनं.

मी जबाबात तिचं नाव घेतलं नाही. सुरतेहून फोन आला एवढंच सांगतलं. वाटलं, बाप आहे, पोरीच्या लग्नाच्या तोंडावर पोरीले ठाण्यात उभं करणार नाही, स्वतः उभा राहील. म्हणून तुले पत्रामागं पत्र टाकलं. तुझ्यासाठी जागा सोडून ठेवली होती, हेमराज. तू तिथे बसला नाही. आता ती जागा तुझी नाही.

हे पत्र मी दोनदा लिहिलं आहे. बोटं वाकडी झाली, पण लिहिलं. एक तुझ्या कारखान्यावर. दुसरं हर्षाच्या शिवण क्लासच्या पत्त्यावर, पत्ता रुचिकानं लिहून दिला. तेव्हा फाडून उपयोग नाही.

लुगड्याचं शेवटचं. ते मी धुतलं. रुचिकाच्या हातून पहिल्यांदा काम झालं, खाटेवर बसून तिनं दशांच्या गाठी मारल्या, हळू हळू, एक एक. काठाजवळ डाग आहे. रिठ्यानं निघाला नाही, लिंबानं निघाला नाही. कोसा जे पितो ते ठेवतो.

लुगडं हर्षासाठीच विणलं होतं, तिचंच आहे. तिनं मले सांगावं. अनुपच्या दारात ती हे नेसून उभी राहणार असन तं डागासहित पाठवते, खुशीनं नेसावं. पण मंग त्या घरातून दुसरं लुगडं मागवलं तं माझ्याकडं निरोप पाठवू नका. माग मोडला आहे, अन् मी कुठं असन माहीत नाही. अन् नेसणार नसन, तं तिनं गाडीत बसावं, तुमसर रोडले उतरावं, अन् मंदाकाकूचा फोन कसा आला, काय बोलली, ते तिच्या तोंडानं ठाण्यात सांगावं. रुचिका सुखरामले घेऊन स्टेशनवर येईल. तोंडावर दुपट्टा बांधून येईल, तारा दिसू नये म्हणून, तं ओळखताना चुकू नको, पोरी.

हेमराज, तू आता लिहू नको. चंद्रकांतानं आवाज भरून पाठवू नये. ज्या कानानं ऐकलं, त्याच तोंडानं उत्तर पाहिजे. हर्षानं द्यावं.

माय